नवं ग्राफिक्स कार्ड लांबतं, तेव्हा ते नेमकं कुठे अडकलेलं असतं?

नवं ग्राफिक्स कार्ड ठरल्या वेळी न येण्याची किमान पाच कारणं असतात. चिपच्या आराखड्यात चूक निघते. आराखडा बरोबर असतो, पण एका वेफरमागे, म्हणजे चिपा जिच्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या गोल चकतीमागे, चांगले नग कमी पडतात. चिपा तयार असतात, मेमरी नसते. मेमरीही असते, पण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कच्चा असतो. आणि कधीकधी कार्डं खोक्यासकट दुकानात येऊन पडलेली असतात, फक्त किंमत ठरलेली नसते. पहिल्या प्रकारात सहा महिने सहज जातात, शेवटच्यात सहा आठवड्यांत काम होतं. पुढच्या कार्डासाठी थांबायचं की हातातल्या पैशांत आजचं घ्यायचं, हे ठरवायला घोडं कुठे पेंड खातंय तेवढं कळलं तरी पुरतं.

कारखान्यातले महिने

एनव्हिडिया आणि एएमडी चिपा स्वतः बनवत नाहीत. आराखडा त्यांचा, कारखाना बहुतेक वेळा तैवानच्या टीएसएमसीचा. आराखडा पुरा करून कारखान्याच्या हवाली करणं म्हणजे टेपआउट. त्यानंतर मास्क तयार होतात. मास्क म्हणजे चिपच्या प्रत्येक थराचा साचा, ज्यातून प्रकाश टाकून सिलिकॉनवर नक्षी उमटवली जाते. आजच्या मोठ्या चिपला असे सत्तर-ऐंशीच्या आसपास मास्क लागतात आणि एका थराला साधारण एक ते दीड दिवस जातो. म्हणजे वेफर कारखान्यात शिरल्यापासून बाहेर यायला तीन-चार महिने. कितीही पैसे मोजले तरी हे काम आठवड्यांवर येत नाही. घाईच्या मोजक्या वेफरना रांगेत पुढे घेता येतं, त्यांना हॉट लॉट म्हणतात, पण त्यांचा हिशेबही महिन्यांतच होतो.

पुढे वेफरवरच्या प्रत्येक चिपची तपासणी, मग ती कापून पॅकेजवर बसवणं, मग बोर्डावर चढवणं, कूलर लावणं, पुन्हा तपासणं. प्रत्येक टप्प्याला काही आठवडे. सगळं सुरळीत झालं तर टेपआउटपासून दुकानापर्यंत साधारण एक वर्ष धरायचं. यात कुठेही मागे फिरावं लागलं की वेळापत्रक घसरतं. किती घसरेल ते किती मागे फिरावं लागलं यावर ठरतं.

हे मागे फिरणं चक्क चिपवर छापलेलं असतं. कूलर काढलेल्या कार्डाचे फोटो नेटवर भरपूर सापडतात. वॉरंटी घालवून स्वतःचं कार्ड उघडायची गरज नाही. एनव्हिडियाच्या २०१० च्या जीटीएक्स ४८० च्या चिपवर "जीएफ१००-३७५-ए३" असं लिहिलेलं दिसतं. जीएफ१०० हे चिपचं नाव. ३७५ म्हणजे त्या चिपची कुठली प्रत, म्हणजे किती भाग चालू ठेवलेत. शेवटचं ए३ म्हणजे आवृत्ती, आणि आपल्या कामाचं तेच. यातलं अक्षर खालच्या थरांचं, जिथे ट्रान्झिस्टर असतात. आकडा वरच्या धातूच्या थरांचा, म्हणजे ट्रान्झिस्टर एकमेकांना जोडणाऱ्या तारांचा. एनव्हिडिया पहिल्या आवृत्तीला ए१ म्हणते. आरटीएक्स ४०९० ची चिप "एडी१०२-३००-ए१" आहे, म्हणजे पहिल्याच फटक्यात ती विक्रीलायक निघाली. ए३ म्हणजे तारांची जोडणी दोनदा बदलावी लागली.

आकडा बदलणं तुलनेने स्वस्त आणि जलद असतं. शहाण्या कंपन्या काही वेफर ट्रान्झिस्टरपर्यंत तयार करून धातूचे थर चढवायच्या आधीच थांबवून ठेवतात. चूक सापडली की फक्त वरचे मास्क नवे करायचे आणि थांबवलेली वेफर पुढे ढकलायची. यात दोन-तीन महिने जातात. अक्षर बदलायचं म्हणजे मात्र श्रीगणेशापासून सुरुवात.

या हिशेबात एक गोष्ट सुटते: चूक सापडायला लागणारा वेळ. २००५ मध्ये एटीआयची (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) आर५२० ही चिप प्रयोगशाळेत चालत होती, पण ठरलेल्या वेगाला पोचत नव्हती, आणि कारण सापडता सापडत नव्हतं. कित्येक महिन्यांनी दोष निघाला तो बाहेरून घेतलेल्या एका सर्किटच्या तुकड्यात. दुरुस्ती वरच्या थरांतच उरकली, पण तोवर एनव्हिडियाचं ७८०० जीटीएक्स जूनमध्येच दुकानात आलं होतं. एटीआयचं एक्स१८०० ऑक्टोबर उजाडेपर्यंत आलं नाही. टेपआउटच्या आधी आराखडा एम्युलेटरवर तपासतात हे खरं, पण तिथे चिप खऱ्या वेगाच्या हजारो पटींनी हळू चालते आणि विजेचे असले सूक्ष्म घोळ तिथे दिसतच नाहीत.

फर्मी: लांबलेल्या कार्डांचा पाठ्यपुस्तकी नमुना

कुठलंही एक उदाहरण मुळापासून समजून घ्यायचं तर एनव्हिडियाची फर्मी, म्हणजे वरच्या जीटीएक्स ४८० मधली चिप, घ्यावी. यात चिपची चूक आणि नगांचा तुटवडा, दोन्ही एकदम आले होते.

एएमडीने (तेव्हा कार्डांवर नाव एटीआयचं होतं) २३ सप्टेंबर २००९ ला एचडी ५८७० बाजारात आणलं. एनव्हिडियाचं उत्तर त्याच वर्षअखेरीस येईल अशी अपेक्षा होती. ३० सप्टेंबरला एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावर फर्मीचं कार्ड उंचावून दाखवलं. फोटो मोठे करून पाहणाऱ्यांना त्यात साधे लाकडाचे स्क्रू दिसले. ते नुसतं नमुन्याचं कार्ड होतं, हे कंपनीला नंतर मान्य करावं लागलं. खरं जीटीएक्स ४८० जाहीर झालं २६ मार्च २०१० ला आणि दुकानात दिसलं एप्रिलमध्ये. एएमडीला सहा महिने मोकळं रान मिळालं.

दोन्ही चिपा टीएसएमसीच्या त्याच ४० नॅनोमीटर तंत्रावर बनत होत्या (हा आकडा म्हणजे कारखान्याच्या तंत्राची पिढी, जितका लहान तितकी नवी). मग एकीला जमलं ते दुसरीला का नाही?

पहिलं कारण आकाराचं. एएमडीची चिप ३३४ चौरस मिलिमीटर होती, फर्मी सुमारे ५३०. वेफर ३०० मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यावर एएमडीच्या साधारण १७५ चिपा बसतात, फर्मीच्या १०५ च्या आसपास. हा झाला फक्त जागेचा हिशेब. वेफरवर धुळीचे कण आणि प्रक्रियेतले दोष विखुरलेले असतात. एका कापडावर शाईचे शिंतोडे उडाले आणि त्यातून रुमाल कापले तर बरेच कोरे निघतील. त्याच कापडातून चादरी कापल्या तर जवळजवळ प्रत्येकीवर डाग असेल.

आकडे घालून बघू. दोषांचं प्रमाण इथे समजण्यापुरतं धरलंय, पण सूत्र उद्योगात वापरतात तेच. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ०.२ दोष धरले तर लहान चिपांपैकी ५१ टक्के, म्हणजे १७५ पैकी सुमारे ९० निर्दोष निघतात. मोठ्या चिपांपैकी ३५ टक्के, म्हणजे १०५ पैकी ३६. आता तंत्र नवं आहे, कारखान्याची घडी बसायची आहे आणि दोष ०.५ वर आहेत असं धरा. लहान चिपा ९० वरून ३३ वर येतात. मोठ्या ३६ वरून ७ वर. वेफरची किंमत तीच. एकाला धंदा करता येतो, दुसऱ्याला प्रत्येक चिप सोन्याच्या भावाने पडते. ४० नॅनोमीटरच्या सुरुवातीला नेमकं असंच वातावरण होतं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे खराब भाग बंद करून चिप विकणं. फर्मीत ३२ कोरांचे, म्हणजे हिशेब करणाऱ्या छोट्या भागांचे, १६ गट होते, एकूण ५१२ कोर. जीटीएक्स ४८० मध्ये एक गट बंद करून ४८० कोर दिले, जीटीएक्स ४७० मध्ये दोन बंद करून ४४८. कंपनीचं सगळ्यात महागडं गेमिंग कार्डही पूर्ण चिप घेऊन आलं नाही, यावरून परिस्थिती ओळखावी. हा उपाय आजही चालतो आणि त्यात कमीपणा काही नाही: आरटीएक्स ५०९० च्या चिपमध्ये १९२ गट आहेत, चालू १७०.

दुसरं कारण तयारीचं. एएमडीने एप्रिल २००९ मध्ये एचडी ४७७० हे मधल्या किमतीचं कार्ड ४० नॅनोमीटरवर काढलं होतं. चिप लहान, १३७ चौरस मिलिमीटर. थरांना जोडणाऱ्या उभ्या तारा, ज्यांना व्हाया म्हणतात, त्या या तंत्रात कच्च्या राहतात हे त्यांना तिथे कळलं. मोठ्या चिपमध्ये त्यांनी जागा खर्चून अनेक ठिकाणी एकाऐवजी दोन व्हाया टाकल्या. ही खरी हुशारी होती. नव्या तंत्रावर आधी लहान चिप उतरवून चटके सोसून घ्यायचे, मग मोठीला हात घालायचा.

तिसरं कारण खुद्द हुआंग यांनी २०१० मध्ये सांगितलं. चिपच्या भागांना एकमेकांशी जोडणारं तारांचं जाळं इतकं दाट झालं होतं की पहिल्या नमुन्यांत ते जाळं चालेचना. आराखडा करणारे, आणि तो सिलिकॉनवर कसा उतरेल हे बघणारे, या दोन गटांच्या मध्ये ते जाळं कोणाच्याच ताब्यात नव्हतं. ए१, ए२, ए३ अशा फेऱ्या झाल्या, पण वरच्या तारा बदलून खालच्या थरांतल्या अडचणी सुटत नसतात. शेवटी जे बाहेर आलं ते २५० वॉटचं, तापट आणि पंख्याच्या आवाजासाठी बदनाम कार्ड. नोव्हेंबर २०१० मध्ये खालच्या थरांपासून पुन्हा मांडलेलं जीटीएक्स ५८० आलं. त्यात सगळे ५१२ कोर चालू होते, वेगही ७०० वरून ७७२ मेगाहर्ट्झवर गेला आणि विजेची भूक वाढली नाही. आधी यायला हवं होतं ते हे कार्ड.

हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या डेटा सेंटरसाठीच्या ब्लॅकवेल चिपेत असाच दोष निघाला. चिप चालत होती, पण चांगले नग कमी निघत होते. मास्क बदलावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये हुआंग यांनी डेन्मार्कमध्ये सांगितलं की चूक शंभर टक्के एनव्हिडियाची होती, टीएसएमसीची नव्हे.

कधीकधी तर कारखान्याचं तंत्रच येत नाही. टीएसएमसीने ३२ नॅनोमीटर रद्द केलं, २० नॅनोमीटर मोठ्या ग्राफिक्स चिपांना परवडलं नाही. म्हणून २०१२ ते २०१६ अशी चार वर्षं सगळे २८ नॅनोमीटरवरच घुटमळत राहिले.

मेमरीचं गणित

सध्या जास्त अडतं ते मेमरीपाशी. आणि हे गणित घरी बसून करता येतं.

ग्राफिक्स कार्डावरच्या जीडीडीआर मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटांच्या वाटेने मुख्य चिपला जोडलेली असते. कार्डाचा बस, म्हणजे या सगळ्या वाटांची एकूण रुंदी, २५६ बिटांचा असेल तर ३२ ने भागा: आठ मेमरी चिपा. जीडीडीआर७ मध्ये २ जीबीची चिप लावली तर १६ जीबीचं कार्ड होतं. ३ जीबीची लावली तर त्याच बोर्डावर, त्याच मुख्य चिपेने २४ जीबी होतात. १९२ बिटांचा बस असेल तर सहा चिपा: १२ किंवा १८ जीबी. "त्याच कार्डाची जास्त मेमरीची आवृत्ती येणार" अशी कुजबुज सुरू होते ती इथूनच. मुख्य चिपेत काही नवं करायचं नसतं, फक्त ३ जीबीच्या चिपा पुरेशा आणि परवडणाऱ्या दरात मिळायला हव्यात.

मिळत नाहीत, कारण त्याच चिपांना श्रीमंत गिऱ्हाईक आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स प्रो ६००० या व्यावसायिक कार्डात ९६ जीबी मेमरी असते: ५१२ बिटांचा बस, म्हणजे १६ जागा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी मिळून ३२ चिपा, प्रत्येकी ३ जीबी. त्या ३२ चिपांत २४ जीबीची चार गेमिंग कार्डं झाली असती, पण एका व्यावसायिक कार्डाची किंमत त्या चारांहून जास्त येते. कंपनी चिपा कुठे वळवेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्याच्या मागे आणखी मोठी ओढ आहे. एआयच्या चिपांना एचबीएम नावाची थरांवर थर रचलेली मेमरी लागते आणि मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तितकेच बिट बनवायला तिला डीडीआर५ च्या, म्हणजे संगणकातल्या नेहमीच्या मेमरीच्या, सुमारे तिप्पट वेफर लागतात. कारखाने तेच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तीनच मोठे उत्पादक. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे दर भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२६ च्या सीईएस या तंत्रप्रदर्शनात एनव्हिडियाने एकही नवं गेमिंग कार्ड जाहीर केलं नाही. नवा मेमरी कारखाना उभा राहून माल द्यायला वर्षं लागतात, म्हणून या कारणाने होणारा उशीर तिमाहींत मोजायचा, आठवड्यांत नाही.

मेमरीसारखाच, पण कुणाच्या डोळ्यांसमोर नसलेला, एक माल म्हणजे चिपखालच्या पट्टीतला विजेला रोखणारा पातळ पापुद्रा. तो बनवते अजिनोमोटो, चायनीजच्या गाडीवर जिची पावडर असते तीच जपानी कंपनी. २०२१ मध्ये या पट्ट्यांचा तुटवडा पडला तेव्हा चिपा असूनही त्या बसवायला पट्ट्या नव्हत्या.

ड्रायव्हर: लोखंड तयार, डोकं कच्चं

इंटेलची आर्क कार्डं हे याचं ठळक उदाहरण. २०२२ च्या पहिल्या तिमाहीचा वायदा होता. मार्चअखेर लॅपटॉपमध्ये काही चिपा आल्या, जूनमध्ये ए३८० आधी फक्त चीनमध्ये आलं, आणि मुख्य कार्ड ए७७० थेट १२ ऑक्टोबरला. योगायोगाने त्याच दिवशी आरटीएक्स ४०९० सुद्धा विक्रीला आलं.

अडलं होतं ते जुन्या गेमपाशी. गेम कार्डाला हुकूम देतो तो डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमधून. डायरेक्टएक्स १२ मध्ये मेमरी कुठे ठेवायची, काम कोणत्या क्रमाने द्यायचं, याची बरीच जबाबदारी गेम लिहिणाऱ्यावर असते. डायरेक्टएक्स ९ आणि ११ मध्ये ती ड्रायव्हरवर असते. एनव्हिडिया आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये एकेका गेमसाठी वर्षानुवर्षं केलेली डागडुजी साठलेली आहे. इंटेलपाशी ती पुंजी नव्हती. डायरेक्टएक्स ९ साठी त्यांनी सुरुवातीला हुकूम १२ मध्ये भाषांतरित करणारा थर लावला आणि जुने गेम अडखळू लागले. ही कार्डं पुढच्या वर्षभरात नुसत्या ड्रायव्हरच्या जोरावर लक्षणीय सुधारली. म्हणजे चिपेत जोर आधीपासून होता.

ड्रायव्हरचा उशीर हा सगळ्यात बरा उशीर, कारण तो आठवड्यांत सुटू शकतो आणि त्यासाठी मास्क बदलावे लागत नाहीत. म्हणूनच की काय, दुसरं कारण लपवायचं असतं तेव्हा कंपन्या ड्रायव्हरकडेच बोट दाखवतात.

माल दुकानात, किंमत हवेत

२०२५ च्या जानेवारीत एएमडीची आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी ही कार्डं येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पत्रकारांना सीईएसआधीच माहिती दिली होती, पण ६ जानेवारीच्या मुख्य भाषणात कंपनीने त्यांच्याबद्दल जवळजवळ चकार शब्द काढला नाही. त्याच दिवशी एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० ची किंमत ५४९ डॉलर जाहीर केली. दुकानदारांकडे एएमडीची कार्डं येऊन पडलेली. मग कळलं की विक्री मार्चमध्ये. कारण दिलं ते सॉफ्टवेअर आणखी सुधारण्याचं आणि एफएसआर ४ हे कमी तपशिलाचं चित्र मोठं करणारं तंत्र जास्त गेममध्ये देण्याचं.

सॉफ्टवेअरचं काम झालंही असेल. पण चिप तयार, मेमरी साधी जीडीडीआर६, म्हणजे तुटवड्यातली नव्हे, माल दुकानात. असं असताना दोन महिने थांबण्यामागे मुख्य कारण किमतीचं होतं, असंच परिस्थिती सांगते. किंमत बदलणं म्हणजे नुसता आकडा खोडणं नव्हे. बोर्ड बनवणाऱ्याने चिप एका दराने घेतलेली असते, वितरकाने बोर्ड दुसऱ्या दराने, दुकानदाराने तिसऱ्या. विक्रीची किंमत खाली आणायची तर या साखळीतल्या प्रत्येकाला फरक भरून द्यावा लागतो, नाहीतर दुकानदार जुन्याच भावाने विकतो. २८ फेब्रुवारीला किमती जाहीर झाल्या, ९०७० साठी ५४९ आणि ९०७० एक्सटीसाठी ५९९ डॉलर. विक्री ६ मार्चला, आरटीएक्स ५०७० च्या दुसऱ्याच दिवशी. थांबल्यामुळे माल साठला, प्रतिस्पर्ध्याच्या कार्डाची परीक्षणंही हाती आली.

एएमडीला ही सवय जुनी आहे. २०१९ मध्ये ५७०० एक्सटीची किंमत विक्रीच्या दोन दिवस आधी ४४९ वरून ३९९ केली होती. एनव्हिडियाचा प्रकार याहून गमतीचा: सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेलं १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० टीकेनंतर ऑक्टोबरमध्ये चक्क मागे घेतलं. तेच कार्ड जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर कमी करून आलं. तयार कार्डांची खोकी आणि बायॉस (कार्डात आधीच भरलेलं सॉफ्टवेअर) बदलणं ओघाने आलंच.

याचंच भावंड म्हणजे जुन्या मालाचा साठा. क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी लोक कार्डं घेत होते; २०१८ मध्ये तो फुगा फुटला आणि एनव्हिडियाच्या मधल्या किमतीच्या, त्या वेळच्या पास्कल पिढीच्या कार्डांचे ढीग साखळीत पडून राहिले. २०२२ मध्ये पुन्हा तेच. असं झालं की कंपनी नवी पिढी वरच्या टोकाकडून आणते, कारण तिथे जुन्या मालाशी टक्कर नसते. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, ४०७० एप्रिल २०२३ मध्ये, ४०६० जूनच्या शेवटी. आपल्याकडचा बहुतेक ग्राहक याच शेवटच्या कार्डाची वाट बघत असतो, म्हणून साठ्यामुळे होणारा उशीर त्याला सगळ्यात जास्त भोवतो.

अफवांमधून दाणे कसे वेचायचे

या विषयात भारताचा एक मजेशीर धागा आहे. चाचणीची कार्डं कंपन्या हैदराबाद आणि बंगळुरूच्या आपल्या केंद्रांत पाठवतात, आणि आयातीच्या नोंदी उघड करणाऱ्या संकेतस्थळांवर त्या दिसतात. दहा-बारा वर्षांपूर्वी झौबा नावाच्या भारतीय संकेतस्थळावर एएमडीच्या न आलेल्या कार्डांचे बोर्ड क्रमांक जगभरातले लोक धुंडाळत बसायचे. अशा नोंदीचा अर्थ मर्यादित घ्यावा: नमुना अस्तित्वात आहे आणि तपासला जातोय. त्यापासून दुकान अजून अनेक महिने दूर असू शकतं. जाहीर न झालेल्या कार्डाला "उशीर" झाला अशी बातमी असेल तर ती एका अफवेने दुसऱ्या अफवेला दिलेली मुदतवाढ असते.

विक्रीची तारीख खरोखर जवळ आल्याच्या खुणा वेगळ्या असतात. दोन-तीन बोर्ड उत्पादकांच्या पूर्ण मॉडेल क्रमांकांच्या नोंदी, वितरकाकडे खोक्यांचे फोटो, परीक्षकांना ड्रायव्हर मिळाल्याची कुणकुण. किंमत मात्र शेवटपर्यंत कळत नाही. ती बोर्ड उत्पादकांनाही उशिरा कळते. ईव्हीजीए ही मोठी अमेरिकी कंपनी सप्टेंबर २०२२ मध्ये या धंद्यातूनच बाहेर पडली, तेव्हा तिच्या तक्रारींत ही एक होती.

मग थांबावं का?

चिपेत दोष किंवा नगांचा तुटवडा असेल तर थांबू नये. काम अडलंय तर आजचं कार्ड घ्यावं. नवं आलं तरी पहिले काही महिने ते छापील किमतीला मिळणार नाही. मेमरी हे कारण असेल तर थांबणं उलट अंगाशी येऊ शकतं, कारण मेमरी महागली की आजची कार्डंही महागतात. ड्रायव्हर किंवा किंमत हे कारण असेल तर दीड-दोन महिने कळ काढावी. जुना साठा हे कारण असेल तर घासाघीस करायची हीच वेळ: लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारालाही तो माल नवा यायच्या आत हलवायचा असतो. फक्त बिलावर जीएसटी क्रमांक आणि कार्डाचा सिरियल क्रमांक असू द्या, आणि त्या सिरियलवर भारतात वॉरंटी आहे का ते पैसे देण्याआधी विचारा.

परदेशी किमतीवरून इथला आकडा काढायचा तर डॉलरची किंमत गुणिले विनिमय दर गुणिले १.१८, कारण अमेरिकेतल्या जाहीर किमतीत कर नसतो आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. ५४९ गुणिले ८६ गुणिले १.१८ म्हणजे सुमारे ५५,७०० रुपये. एनव्हिडियाने भारतासाठी ५०७० ची किंमत ५९,००० जाहीर केली होती, म्हणजे वर सहा टक्के. कुठल्याही कार्डाला दुकानदार या हिशेबापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त सांगत असेल तर तो टंचाईचा भाव आहे.

आणि घाईने आलेलं कार्डही निर्धोक नसतं. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आल्या आल्या गेममध्ये बंद पडू लागलं, दहा-अकरा दिवसांत नवा ड्रायव्हर द्यावा लागला. डिसेंबर २०२२ च्या एएमडीच्या स्वतःच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांपैकी काहींच्या कूलरमध्ये द्रव कमी भरला गेला होता आणि तापमान ११० अंशांवर जात होतं. आरटीएक्स ५०९०, ५०८० आणि ५०७० टीआयच्या सुरुवातीच्या काही नगांत आरओपी नावाचे आठ भाग कमी निघाले. एनव्हिडियाच्या म्हणण्यानुसार असे नग अर्ध्या टक्क्याहून कमी होते आणि वेगातला फरक सरासरी चार टक्के. हे तपासायला जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. पहिल्याच पानावर आरओपीचा आकडा असतो: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६ दिसायला हवेत. यापैकी कुठलं कार्ड वापरलेलं घेणार असाल तर हा आकडा व्यवहार होण्याआधी, विकणाऱ्याच्याच संगणकावर बघून घ्या. कमी दिसला तर मूळ बिल मागा, कारण बदलून मिळेल ते वॉरंटीतच.